धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना आपलीच माणसं

वाचकांचे प्रश्न : मंडळी आणि घर
(उत्तरं देणारे काकाजी दर्यापूर तालुक्यातले निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत. गावच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, त्यांनी २४ वर्षं वडील (एल्डर) म्हणून सेवा केली.)

प्रश्न : काकाजी, ख्रिस्तात सप्रेम सलाम. माझं वय ४१. सहा एकर कोरडवाहू वावर आहे, पऱ्हाटी आणि तूर घेतो. आमची मंडळी ३४ कुटुंबांची. पाळकसाहेबांकडे पाच गावं असल्यानं ते आमच्याकडे महिन्यातून एकाच रविवारी येतात. माझे बाबा १९ वर्षं मंडळीत एल्डर होते, मागच्या वर्षी ते प्रभूकडे गेले. आता जानेवारीच्या सभेत माझं नाव सुचवणार आहेत म्हणे. पण मोठा मुलगा अमरावतीला आयटीआय करतो आणि दीड वर्षापासून उपासनेला येत नाही. ज्याला स्वतःचं घर सांभाळता येत नाही तो मंडळी काय सांभाळणार, हे वचन मला लागत नाही का? शिवाय मंडळीतल्या दोन घरांत धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, भांडण पेटलं आहे, त्यातलं एक घर माझ्या चुलतभावाचं. आणि मला चारचौघांत बोलता येत नाही, बाबांसारखी प्रार्थना तर मुळीच येत नाही. हो म्हणू की नको?
— एक वाचक, मूर्तिजापूर तालुका

उत्तर : प्रिय भाऊ, सलाम.

ऐन वेचणीच्या दिवसांत तुम्ही चार पानं लिहिलीत, म्हणजे रात्री बसूनच लिहिली असणार. म्हणून आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. हो म्हणा. पण हो म्हणायच्या आधी अमरावतीला जाऊन मुलाला भेटून या.

तुम्ही म्हणता ते वचन बायबलात पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं, १ तीमथ्य ३ मधलं. तीताच्या पत्रात तर वडिलाची मुलं विश्वास ठेवणारी असावीत, असंही आहे. त्या एका शब्दानं मी पुष्कळ रात्री जागलो. आमच्या तेव्हाच्या पाळकसाहेबांनी मला समजावलं की मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'विश्वास ठेवणारी' जसा होतो, तसाच 'विश्वासू, भरवशाची' असाही होतो. त्यांनी मला शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातली दोन घरं शेजारी ठेवून वाचायला लावली. याजक एलीची मुलं देवाच्या घरातच वाईट वागत होती. एलीला ते ठाऊक होतं, तरी त्यानं त्यांना आवरलं नाही, आणि दोष लागला तो न आवरल्याचा. शमुवेलाचीही मुलं बिघडली, लाच खाऊ लागली. पण म्हणून शमुवेलाची सेवा देवानं काढून घेतली नाही. तुमचा मुलगा कुणाला लुबाडत नाही, मंडळीच्या दारात उभा राहून कुणाची अडवणूक करत नाही. तो येत नाही, एवढंच. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला बापानं मानेला धरून सतरंजीवर आणून बसवावं, असं त्या वचनात कुठे आहे?

पण त्याला तुमच्याच तोंडून कळू द्या. हे मी चुकून शिकलेलं आहे. माझी नेमणूक झाली तेव्हा माझा धाकटा अकरावीत होता. मी त्याला काहीच बोललो नाही, त्याचा ह्याच्याशी काय संबंध असं वाटलं. मंडळीतल्या दुसऱ्या एका मुलानं त्याला गाठून सांगितलं, ''तुझे बाबा वडील झाले, आता तुला दर रविवारी यावंच लागते.'' तोपर्यंत तो अधूनमधून यायचा, त्यानंतर साफ थांबला. बापाच्या पदासाठी आपल्याला सजवून बसवणार, असं त्याच्या मनानं घेतलं. ते मनातून काढायला मला चार वर्षं लागली. तेव्हा मुलाला स्पष्ट सांगा : हे काम माझं आहे, तुझ्यावर त्याचं ओझं नाही, तू येशील तेव्हा तुझी जागा आहेच. आणि तो का येत नाही हे त्याला विचारा. विचारल्यावर मध्ये बोलू नका.

बाबांचं म्हणाल तर वडीलपण ही पाटीलकी नव्हे. बापाकडून लेकाकडे ती चालत येत नाही. तुमचं नाव सुचवणाऱ्यांना एकदा विचारा, की बाबांच्या आठवणीनं सुचवता की मला पाहून. बाबांच्या आठवणीनं म्हणाले तर वर्षभर थांबा. १ तीमथ्य ५ मध्ये पौल सांगतो की कुणावर हात ठेवायची, म्हणजे सेवेला नेमायची, घाई करू नको. ती सूचना हात ठेवणाऱ्यांना आहे, पण ज्याच्यावर हात ठेवायचे त्यानंही ती वाचावी.

तुम्ही एल्डर लिहिलंय म्हणून थोडं विषयांतर करतो, कारण आपल्या विदर्भात ह्या एका शब्दानं बरेच घोटाळे होतात. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. त्यांच्या परंपरेत वडील म्हणजे मंडळीतूनच निवडलेला साधा माणूस, मग तो शेतकरी असो की मास्तर. पाळकाच्या बरोबरीनं बसून तो मंडळीची काळजी वाहतो. यवतमाळकडच्या फ्री मेथडिस्ट मंडळीत किंवा वाशीम-बुलढाण्याकडच्या नाझरीन मंडळीत मात्र एल्डर म्हणजे दीक्षा झालेला पाळकच. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, तिथे पाळकाला प्रेस्बिटर म्हणतात, आणि त्या ग्रीक शब्दाचाही मूळ अर्थ वडीलच. त्यामुळे वाशीमच्या सोयऱ्यानं 'तू एल्डर कसा, तू तर शिकलेला पाळक नाहीस' असं म्हटलं, तर वाद घालू नका. दोघंही आपापल्या जागी बरोबर असता. तुमच्या मंडळीची नियमावली मात्र मागून घ्या. मुदत किती वर्षांची, वडील किती, प्रभुभोजन वाटायला कोणी उभं राहायचं, हे सगळं लेखी असतं. बहुतेकांनी ती कधी पाहिलेलीच नसते.

आता बोलता येत नाही ह्याबद्दल.

भाऊ, ही अडचण तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलीत, पण अक्षर तिथेच दाबून उमटलंय. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येणार, म्हणजे उरलेले तीन रविवार कुणीतरी उभं राहायला हवं, हे खरं. ते शिकता येतं. एक स्तोत्र वाचा, दोन गीतं म्हणा, शास्त्रभाग वाचून त्यातलं आपल्याला जे कळलं ते दहा मिनिटं सांगा, संपलं. मी पहिली दोन वर्षं वहीत लिहून आणून वाचत होतो. शकुंतला रेल्वे चालू होती तेव्हा आमचे पाळकसाहेब मूर्तिजापूरहून तिनं यायचे आणि गाडीला उशीर झाला की मंडळी माझ्याकडे पाहायची. त्या वह्या अजून माझ्या पेटीत आहेत.

पण वडिलाचं बोलणं रविवारी कमी आणि आठवडाभर जास्त लागतं. त्यातही बोलण्यापेक्षा न बोलणं. इथेच मी सगळ्यात मोठी चूक केली. ती कुणाचं नाव न घेता सांगतो, कारण तुम्हाला ती टाळता येईल.

माझं तिसरं वर्ष होतं. मंडळीतला एक माणूस संध्याकाळी घरी आला, दार लोटून घेतलं आणि म्हणाला, मुलीच्या फीसाठी बायकोच्या दोन बांगड्या सावकाराकडे ठेवल्या, तिला म्हटलं बँकेच्या लॉकरात आहेत. तो रडला. मी त्याच्याबरोबर प्रार्थना केली. पुढच्या बुधवारी प्रार्थनासभेत मी विनंती मांडली : आपल्यातल्या एका कुटुंबावर कर्ज आहे, दागिना गहाण पडला आहे, घरच्या माणसालाही ठाऊक नाही, त्यांच्यासाठी प्रार्थना करा. नाव घेतलं नाही. मनापासून सांगितलं, मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. पण तीस घरांच्या मंडळीत नाव घ्यायला लागत नाही. त्याची बायको तिथेच सतरंजीवर बसलेली होती. तिनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी आजही विसरलेलो नाही.

तो माणूस अडीच वर्षं उपासनेला आला नाही. मी दोनदा क्षमा मागायला गेलो. दोन्ही वेळा त्यानं खाट टाकली, पाणी दिलं आणि एक शब्द बोलला नाही. मग एका जुलैत पहाटे चारला तोच दारात उभा. त्याची आई गेली होती. पाळकसाहेब दुसऱ्या गावी, नाल्याला पूर, ते येऊ शकत नव्हते. आमचा खारपाण पट्टा, त्यात काळी माती. पावसाळ्यात तिथे कबर खोदणं म्हणजे काय हे ज्यानं केलं त्यालाच कळतं. फावड्याला माती चिकटते, फावडं निघत नाही, आणि तीन फुटांवर पाणी लागतं. आम्ही सहा जणांनी दुपारपर्यंत खोदलं, बादल्यांनी पाणी उपसलं, तळाला तुऱ्हाट्या टाकल्या. सुताराकडे पेटीसाठी फळ्या पुऱ्या नव्हत्या, म्हणून शाळेच्या जुन्या बाकाची फळी काढून दिली. माती देताना मी स्तोत्र २३ म्हणालो. दुसरं काही मला सुचलं नाही आणि कुणी मागितलंही नाही. पुढच्या रविवारी तो आणि त्याची बायको दोघंही आली.

तुमच्या बाबांच्या प्रार्थना मंडळीला आठवत असतील. पण कुणाच्या मयतीत बाबा किती वाजता पोचले होते, हे घरोघरी विचारून पाहा. लोकांना ते जास्त आठवत असेल असं मला वाटतं.

तेव्हा पहिला नियम हाच, की सांगितलेलं पोटात ठेवायचं. बायकोलाही नाही, पाळकसाहेबांनाही त्या माणसाला विचारल्याशिवाय नाही. आणि प्रार्थनेची विनंती म्हणून तर कधीच नाही. ह्याला दोनच अपवाद, पण ते पक्के धरा. लेकरावर कुणी अत्याचार करत असल्याचं कळलं, तर ते झाकणं पाप आहेच, गुन्हाही आहे. लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ज्याला ज्याला माहिती आहे त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे, मग तो वडील असो की पाळक. चाइल्डलाइनचा नंबर १०९८. 'मंडळीची बदनामी होईल' असं म्हणणारा कुणी ना कुणी भेटेल. त्याचं ऐकू नका. दुसरा अपवाद म्हणजे कुणाच्या बोलण्यातून तो जिवाचं बरंवाईट करील असं वाटलं तर. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं आपल्याकडची बोंडं आतून पोखरली, ते तुम्हीही सोसलं असेल. त्या डिसेंबरात आमच्यातला एक जण मला म्हणाला, ''मास्तर, आता माझ्या लेकरांकडे तुम्हीच पाहा.'' मी त्याला सरळ विचारलं, मरायचा विचार मनात आहे का? विचारलं म्हणून विचार येत नाही, उलट माणूस मोकळा होतो. तो हो म्हणाला. त्या रात्री मी त्याच्याच घरी झोपलो, घरातला फवारणीचा डबा त्याच्या भावाकडे दिला. दुसऱ्या दिवशी त्याचं पासबुक घेऊन बँकेत गेलो. कर्जमाफीच्या यादीत त्याचं नाव नव्हतं, आधारचा काही घोळ होता. तो निस्तरायला पाच खेपा पडल्या. प्रार्थना रोज केली, आणि पाचही खेपा केल्या. आता मनाच्या त्रासात मदतीसाठी टेली-मानस म्हणून १४४१६ हा फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात. तो मंडळीच्या फळ्यावर लिहून ठेवा.

आता धुरा. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात अवघड वाटलेली गोष्ट हीच. चुलतभाऊ एका बाजूला म्हणजे तुम्ही ह्या भांडणात पंच होऊ शकत नाही. पहिल्याच बैठकीत सर्वांसमोर सांगा, की ह्या प्रकरणात मी बसणार नाही, दुसऱ्या दोन वडिलांनी बसावं. १ तीमथ्य ५ मध्ये पक्षपाताबद्दल पौलानं तीमथ्याला कडक शब्दांत बजावलं आहे. भावाला राग येईल. त्याच्या घरी चहाला जात राहा, आणि समोरच्याच्या घरीही त्याच आठवड्यात जा. दोन्हीकडे धुऱ्याचा विषय निघाला की पाण्याचा ग्लास हातात घ्या.

आणि हे भांडण वचनांनी सोडवायला जाऊ नका. शेजाऱ्याची सीमा सरकवू नये, हे बायबलातल्या अनुवाद ह्या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात स्पष्ट आहे. पण सीमा नेमकी कुठे हे शास्त्र सांगत नाही, भूमी अभिलेख कार्यालय सांगतं. दोघांनी मिळून मोजणीचा अर्ज करावा, फी निम्मी-निम्मी भरावी, खुणा रोवताना दोघंही हजर राहावेत आणि मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत दोघांनी घ्यावी. मत्तय १८ मध्ये प्रभूनं दाखवलेली वाट, म्हणजे आधी एकट्यानं जाऊन भेटणं, मग एक-दोघांना बरोबर नेणं, ही मनं जुळवायला आहे, आणि ती मोजणीनंतरही लागेलच. उलंगवाडी झाल्यावर, वावरं मोकळी असताना मोजणी घ्या. उभ्या पिकात कुणी कुणाचं ऐकत नाही.

पैशाचं थोडक्यात. दानार्पण तिथल्या तिथे, दोघांनी मोजायचं, वहीत लिहायचं, दोघांच्या सह्या, आणि सोमवारी बँकेत. हंगामाच्या सणाला कापूस-तूर येते, कोंबड्या येतात, लिलाव होतो. त्याचीही पावती त्याच दिवशी. एका वर्षी सोयाबीन काढायच्या धांदलीत दानार्पणाचे ४,३१० रुपये माझ्या कपाटात ११ दिवस पडून राहिले. एक रुपया कमी नव्हता. तरी कुजबुज झाली, आणि ती होऊ देण्यात दोष माझा होता.

मुलाशी काय बोलणं झालं ते मला कळवा. छापायला नको, नुसतं मला.

प्रश्न : काकाजी, आमच्या स्त्रीसभेची मी आठ वर्षं प्रमुख आहे. बाळंतिणीच्या घरी, आजाऱ्याच्या घरी मीच जाते. पण वडील निवडताना बायकांचं नाव कुणी काढत नाही. हे शास्त्राप्रमाणे आहे का?
— एक भगिनी, रिसोड तालुका

उत्तर : ताई, ह्यावर मंडळ्या-मंडळ्यांत मतभेद आहेत आणि दोन्हीकडे प्रामाणिक माणसं आहेत. बायकांनी शिकवू नये असं सांगणारं १ तीमथ्य २ दाखवणारे आहेत, तसेच रोमकरांस पत्राचा १६ वा अध्याय दाखवणारेही आहेत, जिथे पौल किंख्रियाच्या मंडळीतल्या फिबी ह्या सेविकेची शिफारस करतो. नाझरीन मंडळी स्त्रियांना पाळकपणाची दीक्षा अगदी सुरुवातीपासून देत आली आहे, चर्च ऑफ नॉर्थ इंडियातही स्त्रिया प्रेस्बिटर आहेत. तेव्हा आधी तुमच्या मंडळीची नियमावली काय म्हणते ते पाहा. पुष्कळदा तिथे मनाई नसतेच, ती फक्त सवयीत असते. नियमात आडकाठी नसेल तर नाव सुचवायला स्त्रीसभेतल्या दोघींनी सभेत उभं राहावं. तुम्ही स्वतः राहू नका.

माझं मत विचाराल तर सांगतो. २४ वर्षांत ज्या घरांत मला दारातच चहा मिळाला आणि आतलं दुःख कळलं नाही, त्या घरांत माझी पत्नी स्वयंपाकघरापर्यंत गेली होती. प्रभुभोजनासाठी आदल्या रात्री मनुका भिजत घालण्यापासून ते नवऱ्यानं हात उचललेल्या बाईला रात्री घरी आणून झोपवण्यापर्यंत सगळं तिनं केलं. नियमावलीत तिला नाव नव्हतं. हे बरोबर झालं असं मी म्हणू शकत नाही.

प्रश्न : आमच्या आजीला १२ वर्षांपासून शुगर आहे. मंडळीच्या वडिलांनी तेल लावून प्रार्थना केली. तेव्हापासून ती म्हणते, प्रभूनं बरं केलं, आणि तिनं गोळ्या बंद केल्या. वडील म्हणतात, तिच्या विश्वासाला धक्का लावू नका. आम्ही काय करावं?
— एक वाचक, अंजनगाव सुर्जी तालुका

उत्तर : गोळ्या आजच सुरू करायला लावा. डॉक्टरांना दाखवून, पण उशीर न करता.

याकोब ५:१४ प्रमाणे मीही पुष्कळांना तेल लावलं आहे, आणि प्रभू बरं करतो ह्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण त्या वचनात औषध सोडा असं एका अक्षरानं नाही. पौलाच्या सोबत लूक होता, तो वैद्य. प्रभूच्या दाखल्यातल्या शोमरोनी माणसानं जखमी वाटसरूच्या जखमांना तेल आणि द्राक्षारस लावून पट्टी बांधली, तो उपचारच होता. आजी बरी झाली असेल तर ते रक्ताच्या तपासणीत दिसेल आणि डॉक्टर स्वतःच गोळी कमी करतील, त्यात देवाचा काही अपमान नाही.

आजीशी वाद घालू नका. तिला म्हणा, आजी, तुझी साक्ष आम्हाला लेखी पाहिजे, चल तपासून येऊ. सकाळी उपाशीपोटी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. आणि तुमच्या मंडळीच्या त्या वडिलांनाही सोबत घेऊन जा, त्यांनी तिचा हात धरून रांगेत बसावं.